अर्ज, सह्या आणि पोच

निवेदन दिल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. टेबलामागे तहसीलदार किंवा मुख्याधिकारी, समोर दहा-बारा जण आणि सगळ्यांची बोटं एकाच कागदाला लागलेली. कागदाकडे कोणीच बघत नसतं, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. संध्याकाळी तो फोटो स्टेटसवर येतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात. नंतर त्या कागदाचं काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही.

मला मात्र त्या कागदातच रस आहे. कारण महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मोर्चे आणि सत्याग्रह लक्षात राहतात, पण त्यांच्या मागे बहुतेक वेळा एखादा अर्ज पडून असतो. न वाचलेला, नाकारलेला किंवा मंजूर होऊनही न पाळलेला.

'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्यात वर बसलेल्यासमोर खालच्याने म्हणणं मांडायचं, असा भाव आहे. इंग्रजी राजवटीत या मांडण्याला एक नवी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे आकडा. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणावा लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांचे मुख्त्यारनामे आणले होते. मतदानाचा हक्क जवळजवळ कोणालाच नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही इतक्या जणांच्या वतीने बोलतो, हे सरकारला दाखवायची ती युक्ती होती.

पण त्या सहा हजारांत गावकुसाबाहेरचे किती असतील? त्यांना आपले अर्ज स्वतःच लिहावे लागले.

गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली. तिची रचनाच अर्जासारखी आहे: उच्चवर्णीयांना विचारलेले २६ प्रश्न. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. बापाने, आजाने बंदूक धरलेल्या माणसांची रोजीरोटी आणि इज्जत, दोन्ही त्या भरतीवर अवलंबून होती. पुढच्याच वर्षी वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. तिथल्या उच्चवर्णीय सभासदांना ते अजिबात रुचलं नाही.

वलंगकरांनंतर हे काम पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे नेलं. ते मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करायचे. त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि मुंबई सरकारला अर्ज धाडला. त्यावर १,५८८ सह्या होत्या. शाळेच्या दारात उभं राहू न दिलेल्या समाजातून, गावोगाव पायी फिरून, एवढी नावं गोळा करायची म्हणजे काय काम असेल, याचा विचार करा. आज लिंक फॉरवर्ड केली की तासाभरात तेवढी 'सही' मिळते. १९१० मध्ये थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. मागणं साधं होतं. सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस आणि लष्कर आम्हाला खुलं करा.

उत्तर आलं ते पहिल्या महायुद्धात. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. वलंगकरांच्या अर्जापासून मोजलं तर ४७ वर्षं.

अर्ज मंजूर झाला तरी काय होऊ शकतं, हे महाडने दाखवलं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून आपलं तळं खुलं केलं. कागदावर काम फत्ते. पण तीन वर्षं चवदार तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी भरू शकला नाही. ठराव दप्तरात होता आणि गाव घाटावर होतं.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला जमलेले लोक चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग तळ्याचा वाद कोर्टात गेला. तळं कोणाच्या मालकीचं आणि अस्पृश्यांना बंदी घालणारी रूढी खरंच अनादी काळापासून होती का, हे तिथे तपासलं गेलं. तळं नगरपालिकेचं ठरलं आणि रूढी सिद्ध झाली नाही. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

यातून 'अर्ज-बिर्ज करून काही होत नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. अर्ज आणि ठराव नसते तर महाडला चालत गेलेल्यांना परवानगी मागणारे ठरवलं गेलं असतं. ठराव होता म्हणून ते मिळालेला हक्क बजावणारे ठरले. कागदाने पाणी दिलं नाही, पण ते पाणी कोणाचं याबद्दलचा वाद कागदाने बदलून टाकला.

आज तुमच्या-माझ्या हातात वलंगकरांकडे नव्हती अशी बरीच हत्यारं आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणालाही कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं, तेही राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत. म्हणजे 'इंग्रजीत लिहून आणा' असं कोणी म्हणू शकत नाही. गावात ग्रामसभा आहे. जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

आणि एका बाबतीत तर अर्जाला खरोखर दात आहेत. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी दारू दुकान बंद करण्यासाठी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घ्यावं लागतं. हीच ती 'उभी बाटली, आडवी बाटली'. मात्र मेख अशी, की आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्या दिवशी घरी थांबलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखी होते. सह्या ही सुरुवात असते, म्हणतात ते असं.

आमच्या गल्लीच्या गटाराबद्दल एकदा आम्ही चाळीस-पन्नास सह्यांचा अर्ज घेऊन गेलो होतो. खिडकीतून ठरलेलं वाक्य आलं, 'ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील.' आमच्या सोबतच्या निवृत्त तलाठी काकांनी शांतपणे दुसरी प्रत पुढे केली. 'यावर शिक्का आणि आवक नंबर द्या, मग ठेवतो.' दहा मिनिटं गेली, पण शिक्का मिळाला.

सगळा अर्जशास्त्राचा सार मला त्या दहा मिनिटांत दिसतो. एका अर्जात एकच विषय. काय हवं ते पहिल्या चार ओळींत. सहीसोबत पूर्ण नाव आणि पत्ता. दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच. महिना-दीड महिना काही हललं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली? त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आवक नंबर नसेल, तर हा प्रश्नच विचारता येत नाही.

कांबळ्यांच्या १,५८८ जणांना पोचेचा असा शिक्का मागायची सोय नव्हती. आपल्याला आहे. तेव्हा पुढच्या वेळी फोटो जरूर काढा, पण कॅमेरा आधी त्या शिक्क्यावर धरा.