टेबलाखालचा इतिहास: एक खांब आणि त्याचे पाय

आज आपण जेवणाच्या टेबलाकडे वरून नाही, खालून पाहणार आहोत. टेबलावर काय वाढलं, मानाच्या जागी कोण बसलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण टेबलाचे पाय कुठे होते? प्रश्न साधा वाटतो. इंग्लंडातल्या सुतारांना मात्र त्याने पिढ्यान्‌पिढ्या कामाला लावलं.

सतराव्या शतकात तिकडे गेटलेग टेबल रूढ होतं. बाजूच्या फळ्या उचलायच्या आणि फाटकासारखे फिरणारे पाय त्यांच्याखाली आणायचे. टेबल मोठं व्हायचं, पण खाली पायांची दाटी. बसणाऱ्याने गुडघे ठेवायचे कुठे? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर एक उत्तर रुळलं: मध्ये एक खांब आणि त्याच्या बुडातून बाहेर वळलेले तीन किंवा चार पाय. याला 'पिलर अँड क्लॉ' म्हणत, म्हणजे खांब आणि पंजे. असे दोन-तीन खांब ओळीने मांडून मध्ये फळ्या घातल्या की लांब टेबल तयार. १८०० साली लँकेस्टरच्या रिचर्ड गिलो यांनी वाढवता येणाऱ्या टेबलाचं पेटंट घेतलं. पाय, खांब आणि पंजे यांची संख्या कमी करणं, हा त्यात सांगितलेला एक उद्देश होता. अडचण किती खरी होती, ते यावरून कळतं.

आता हे पंजे किती असावेत? तीन पायांचा गुण आपल्याला तिवईमुळे माहीत आहे. जमीन उंचसखल असली तरी ती डुगडुगत नाही. चुलीला तीन दगड पुरतात तेही त्यामुळेच. पण न डुगडुगणं वेगळं आणि न कलंडणं वेगळं.

समजा, गोल टेबलाचा व्यास १२० सेंटिमीटर, वजन ३० किलो, आणि प्रत्येक पाय मध्यापासून ४५ सेंटिमीटर बाहेर आलेला. टेबल कलंडतं ते शेजारच्या दोन पायांची टोकं जोडणाऱ्या रेषेवरून. तीन पाय असले तर ही रेषा मध्यापासून अवघ्या साडेबावीस सेंटिमीटरवर. चार असले तर जवळजवळ बत्तीसवर. म्हणजे काय, तर दोन पायांच्या मधोमध कडेवर सुमारे १८ किलो भार पडला की तीन पायांचं टेबल उचललं जातं. चार पायांचं सुमारे ३४ किलोंवर. जेवून उठताना घरातले आजोबा दोन्ही हात कडेवर टेकतात, तेव्हा १८ किलो म्हणजे काही फार नव्हे!

पेच आहे तो इथे. दोन पायांमधली मोकळी जागा गुडघ्यांना सोयीची, आणि नेमकी तीच टेबलाची कच्ची बाजू. आयताकृती फळी असेल तर चार पाय कोपऱ्यांकडे वळवले की बरंचसं भागतं. गोल टेबलाचं तसं नाही. गोल टेबलाला मानाची जागा नसते, असं आपण म्हणतो. पण चार पायांच्या गोल टेबलाभोवती सहा माणसं बसवून बघा. टेबल एका तऱ्हेने फिरवलं तर दोघांच्या पावलांसमोर सरळ पाय येतो. थोडं वळवलं तर चौघांना थोडा थोडा अडतो. त्रास वाटायचा की दोघांवरच टाकायचा, एवढंच आपल्या हातात राहतं.

१८३५ साली लंडनच्या रॉबर्ट जूप यांनी गोल टेबल वाढवण्याचं पेटंट घेतलं. फळी फिरवली की तिचे पाचरीसारखे तुकडे बाहेर सरकत आणि फटींमध्ये नव्या फळ्या बसत. वर माणसं वाढली, तरी खाली खांब एकच.

पुढे १९५७ साली फिनलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी पंजेच काढून टाकले. एक देठ आणि खाली गोल बैठक. गोल बैठकीला दिशाच नसते. म्हणून कच्ची बाजू नाही आणि पक्कीही नाही. सगळ्यांना सारखंच.

पण बहुतेक घरांतल्या टेबलांना अजून पंजे आहेत. तेव्हा आज घरी गेल्यावर आपण एकदा वाकून बघू या. जो माणूस कडेला टेकून उठतो, त्याची खुर्ची पायाच्या रेषेत आहे का? पावलाला थोडी अडचण होईल, पण टेबल त्याच्या अंगावर येणार नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.