क्रूस

रोमन साम्राज्यात गुलामांना व बंडखोरांना देहदंड देण्याचे जे अत्यंत अप्रतिष्ठेचे साधन, तेच येशू ख्रिस्ताच्या मरणामुळे प्रायश्चित्त, क्षमा व पुनरुत्थान यांचे चिन्ह ठरले, हा धर्मेतिहासातील विलक्षण अर्थपालट होय. कॅथलिक क्रूसावर बहुधा ख्रिस्तमूर्ती असते. प्रॉटेस्टंट पंथीय सामान्यतः रिता क्रूस पसंत करतात. मुंबईत गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत १८९६ च्या प्लेगाच्या काळी, सरकारी बंदोबस्तापेक्षा देवाच्या आसऱ्यावर अधिक भिस्त ठेवून, रहिवाशांनी रस्त्याकडेला अनेक क्रूस उभारले. अशा कित्येक दगडी क्रूसांवर शिडी, हातोडा, पक्कड, खिळे इत्यादी यातनासाधने कोरलेली असतात; क्वचित कोंबडाही आढळतो, आणि तो शोभेचा नसून कोंबडा आरवण्यापूर्वी येशूचा शिष्य पेत्र याने येशूला ओळखत नसल्याचे सांगून तीनदा केलेल्या नकाराची आठवण देणारा आहे.