फॉर्स्टर आणि देवासची गोकुळाष्टमी

इंग्रज कादंबरीकाराचा आपल्या गोकुळाष्टमीशी संबंध काय, असे शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांस वाटणे साहजिक आहे. ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) यांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

१९०५ ते १९१० या काळात चार कादंबऱ्या लिहून त्यांनी नाव मिळवले. १९१२ साली ते प्रथम हिंदुस्थानात आले. परत गेल्यावर येथील जीवनावर कादंबरी आरंभली, ती मध्येच अडली. १९२१ मध्ये माळव्यातील देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून ते काही महिने राहिले. घराणे मराठी, महाराज राजर्षी शाहूंचे जावई. तेथे गोकुळाष्टमीच्या उत्सवात देवापुढे देहभान विसरून नाचणारा राजा त्यांनी पाहिला.

१९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली. तिचा अखेरचा भाग अशाच उत्सवावर उभा आहे. त्यात प्रोफेसर गोडबोले तुकोबांना आळवतात, आणि खटल्यानंतर दुरावलेले दोन मित्र पुन्हा भेटतात.

राजाची अखेर मात्र कष्टाची झाली. राज्य कर्जात बुडाले; १९३३ च्या अखेरीस तो पाँडिचेरीस निघून गेला व १९३७ मध्ये वारला. सरकारदरबारी त्याची गणना नालायकांत झाली. फॉर्स्टर यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ प्रसिद्ध करून मित्राची बाजू मांडली. दोष झाकले नाहीत.

१९२४ नंतर फॉर्स्टर ४६ वर्षे जगले, पण हयातीत दुसरी कादंबरी त्यांनी प्रसिद्ध केली नाही. जमाखर्च न जुळलेल्या राजाचे हे देणे कोणत्याही सरकारी वहीत नोंदलेले नाही.