संरचना समघटकता, हायड्रोकार्बनांतील

रेणवीय सूत्र एकच, पण अणूंची जोडणी निराळी असलेल्या संयुगांना संरचना समघटक म्हणतात. ‘समघटक’ या अर्थाची संज्ञा बर्झीलियस यांनी १८३० मध्ये सुचविली. तथापि अशी संयुगे का संभवतात, याचा उलगडा तेव्हा झाला नव्हता. कार्बन चतुःसंयुजी असून त्याचे अणू एकमेकांशी जोडले जातात, असे केकूले व कूपर यांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे प्रतिपादिले. तरीही सूत्रावरून रेणूतील प्रत्यक्ष मांडणी कळू शकते, हे अनेक रसायनशास्त्रज्ञांस मान्य नव्हते.

या वादाची खरी कसोटी ब्युटेन या साध्या हायड्रोकार्बनावर लागली. त्याच्या रेणूत कार्बनाचे ४ व हायड्रोजनाचे १० अणू असतात. ब्युटेनाचे दोन व पेंटेनाचे तीन समघटक असले पाहिजेत, असे भाकीत रशियन रसायनशास्त्रज्ञ बूटल्येरॉव्ह यांनी १८६४ मध्ये केले. सरळ शृंखलेचे ब्युटेन आधीच हाती आलेले होते; शाखायुक्त आयसोब्युटेन त्यांनी स्वतः १८६६ मध्ये तयार केले. पहिले –०·५° से. ला, तर दुसरे –११·७° से. ला उकळते. कागदावरील रेघांना यामुळे वस्तुस्थितीचा आधार मिळाला.

समघटकांची मोजदाद मात्र वाटते तितकी सोपी नाही. केली यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञांनी १८७५ मध्ये १२ कार्बन अणूंच्या अल्केनाचे ३५७ समघटक मोजले; खरी संख्या ३५५ आहे.