गिळायचा कॅमेरा

लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात पोटातला छुपा रक्तस्राव शोधताना लहान आतडे दीर्घकाळ नजरेआडच राहिले. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठराच्या थोडी पुढे पोचे, गुदद्वारावाटे घातलेली मोठे आतडे संपले की थांबे. मधली काही मीटरची वेटोळी बहुतांशी दोन्हींच्या आवाक्याबाहेर.

इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर काम करणारे अभियंते गॅव्रिएल इडान यांनी कॅमेराच गिळवण्याची कल्पना मांडली. लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. सुरुवातीच्या प्रयोगांत कॅमेरा बसवलेली कॅप्सूल स्वेन यांनी स्वतःच गिळली. या इतिहासातले खरे धैर्य तेच. २००० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत वृत्तांत आला, २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

११ मिलिमीटर रुंद, २६ मिलिमीटर लांब अशी ती कॅप्सूल सेकंदाला दोन छायाचित्रे काढी. रुग्णाच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या यंत्रात अशी सुमारे ५० हजार छायाचित्रे साठत. त्यांत आतड्याच्या फिकट गुलाबी अस्तरावर फुगलेल्या केशवाहिन्यांचा लालभडक ठिपका दिसला, की लोहाच्या गोळ्या घेऊनही न भरून येणाऱ्या रक्ताचा हिशेब लागे.

आतडे कुठे अरुंद झाले असेल तर कॅप्सूल अडकू शकते. तशी शंका असलेल्या रुग्णाला आधी शरीरात विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात.