हिऱ्याचें मोल : ग्रंथांतील कोष्टकें व बाजारांतील सौदे

१. जुन्या दप्तरांतून जडजवाहिराच्या याद्या हातीं येतात, तेव्हां त्यांतील रकमांचा अर्थ कसा लावावा हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. खड्याचें वजन दिलेलें असतें, पुढें रुपयांचा किंवा होनांचा आंकडा असतो. परंतु तो आंकडा प्रत्यक्ष खरेदीचा, पारख्यानें बांधलेल्या अदमासाचा, कीं एखाद्या शास्त्रग्रंथांतील कोष्टकावरून काढलेला, याचा उलगडा क्वचितच होतो. अशा रकमांची बेरीज करून राज्याच्या संपत्तीचें मान ठरविणें धोक्याचें आहे. म्हणून हिऱ्याचें मोल ठरविण्याचे कोणते नियम ग्रंथांतून नमूद आहेत व बाजारांत ते कितपत पाळले जात, हें पडताळून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

२. आपल्याकडील उपलब्ध कोष्टकांत वराहमिहिराचें कोष्टक विशेष महत्त्वाचें होय. सहाव्या शतकांतील या ज्योतिष्यानें बृहत्संहितेच्या वज्रपरीक्षाध्यायांत आठ श्वेत सर्षपांचा एक तंडुल असें मान सांगून वीस तंडुल वजनाच्या निर्दोष हिऱ्याचें मूल्य दोन लक्ष धरिलें आहे. पुढें दोन दोन तंडुलांनीं वजन उतरत गेलें असतां मूल्य कसें उतरावें, याचे अपूर्णांक तो देतो. पहिल्या तीन पायऱ्यांस पाव, तृतीयांश व अर्धा ‘ऊन’ असे शब्द आहेत. नंतर तृतीयांश, पंचमांश, षोडशांश, पंचविसावा, शंभरावा व हजारावा असे भाग येतात. हे सहा भागही ‘ऊन’ करावयाचे कीं तितकेच शिल्लक ठेवावयाचे, अशी शंका वाचकास येईल. तिचें निरसन गणितच करितें. चौदा तंडुलांस एक लक्ष मूल्य आहे. बारा तंडुलांस ‘तृतीयांश ऊन’ असें धरिल्यास तें एक लक्ष तेहतीस हजारांवर जाईल, म्हणजे लहान हिरा मोठ्याहून महाग ठरेल! तेव्हां पुढील भाग शिल्लक मूल्याचेच होत. या वाचनाप्रमाणें कोष्टक खालीलप्रमाणें होतें. तुलनेसाठीं शेवटीं वजनाच्या वर्गाच्या प्रमाणांत येणारें मूल्यही दिलें आहे.

तंडुल २० : ग्रंथोक्त २,००,०००, वर्गप्रमाणें २,००,०००
तंडुल १८ : ग्रंथोक्त १,५०,०००, वर्गप्रमाणें १,६२,०००
तंडुल १६ : ग्रंथोक्त १,३३,३३३, वर्गप्रमाणें १,२८,०००
तंडुल १४ : ग्रंथोक्त १,००,०००, वर्गप्रमाणें ९८,०००
तंडुल १२ : ग्रंथोक्त ६६,६६७, वर्गप्रमाणें ७२,०००
तंडुल १० : ग्रंथोक्त ४०,०००, वर्गप्रमाणें ५०,०००
तंडुल ८ : ग्रंथोक्त १२,५००, वर्गप्रमाणें ३२,०००
तंडुल ६ : ग्रंथोक्त ८,०००, वर्गप्रमाणें १८,०००
तंडुल ४ : ग्रंथोक्त २,०००, वर्गप्रमाणें ८,०००
तंडुल २ : ग्रंथोक्त २००, वर्गप्रमाणें २,०००

३. या कोष्टकावरून दोन गोष्टी दिसतात. बारा तंडुलांपासून वर ग्रंथोक्त मूल्य वर्गाच्या अगदीं निकट चालतें. दहाच्या खालीं मात्र तें झपाट्यानें कोसळतें. म्हणजे मोठ्या हिऱ्याचें दुर्मिळत्व व हिरकण्यांचें सुलभत्व या दोहोंचीही जाण कोष्टककारास होती. दुसरें असें कीं, हें मूल्य निर्दोष रत्नाचें आहे. काकपद, मक्षिका, केश, शर्करा इत्यादि दोष ग्रंथांत सांगितले आहेत; आणि बुद्बुदयुक्त, अग्र तुटलेल्या, चपट्या व लांबट हिऱ्यांस मूल्याचा आठवा भाग कमी करावा असें म्हटलें आहे. कोष्टकांतील रकम ही वरची मर्यादा होय. सौद्याची रकम नव्हे.

४. यानंतर सुमारें अकरा शतकांनीं फ्रेंच जव्हेरी ज्यां बातिस्त तावर्निये यानें हाच विषय आपल्या प्रवासग्रंथांत मांडिला. तो ग्रंथ १६७६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा नियम असा : हिऱ्याचें वजन कॅरटांत घेऊन त्याचा वर्ग करावा, व त्यास तशा प्रतीच्या एका कॅरटाच्या दरानें गुणावें. पंधरा कॅरटांचा निर्दोष हिरा असेल व पहिल्या कॅरटाचा दर १५० लिव्र असेल, तर २२५ गुणिलें १५० म्हणजे ३३,७५० लिव्र मूल्य होतें. तोच हिरा सदोष असून दर ८० असेल, तर १८,००० लिव्र. गुणदोषांचा सारा विचार पहिल्या कॅरटाच्या दरांत सामावतो, हें या नियमाचें मर्म आहे. दर बांधण्यांत चूक झाली कीं ती वर्गाच्या पटीनें वाढते.

५. तावर्नियेनें १६६५ च्या नोव्हेंबरांत औरंगजेबाचें जवाहीर पाहिलें. त्यांतील मोठ्या हिऱ्याचें वजन तो ३१९॥ रती, म्हणजे २७९ ९/१६ कॅरट देतो. रती ही कॅरटाच्या ७/८ इतकी, या त्याच्याच मानानें हिशेब बरोबर जुळतो. किनारीस बारीकसा दोष असल्यामुळें दर १६० ऐवजीं १५० धरून त्यानें मूल्य १,१७,२३,२७८ लिव्र व वर किरकोळ काढिलें आहे. हाही गुणाकार बरोबर आहे. परंतु तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या हिऱ्याचा आंकडा तसा उतरत नाहीं. वजन १३९॥ कॅरट व पिवळसर पाण्यामुळें दर १३५ असें सांगून तो मूल्य २६,०८,३३५ लिव्र देतो. १३९॥ च्या वर्गास १३५ नें गुणिलें असतां २६,२७,१३३ हून थोडें अधिक येतें. २६,०८,३३५ हा आंकडा नेमक्या १३९ कॅरटांचा आहे. अर्धा कॅरट हिशेबांतून गळला व त्याबरोबर १८,७९८ लिव्रांवर रकम गळली. छापील व नामांकित ग्रंथांत हें घडतें, तर नकलांवर नकला होऊन आलेल्या रत्नपरीक्षेच्या पोथ्यांतील आंकडे गणितानें तपासल्यावांचून स्वीकारूं नयेत, हें उघड आहे.

६. वजनाच्या नांवाविषयींही सावधगिरी पाहिजे. तावर्निये सांगतो कीं, रावळकोंड्याच्या खाणीवर मांगेलीन हें वजन पावणेदोन कॅरटांचें होतें. गोवळकोंडें व विजापूर या राज्यांत तें १ ३/८ कॅरटांचें. आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचें त्याच नांवाचें वजन पांच ग्रेन, म्हणजे सव्वा कॅरटाचें होतें. दहा मांगेलीन वजनाचा हिरा खाणीवर साडेसतरा कॅरटांचा, तर गोव्यांत साडेबारा कॅरटांचा ठरतो. वर्गाचा नियम लाविल्यास पहिल्याचें मोल दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होतें. वजन कोठलें हें न पाहतां किंमतींची तुलना करणाऱ्याची किती फसगत होईल, हें यावरून कळून येईल.

७. प्रत्यक्ष खरेदीची रीत तावर्नियेनें रावळकोंड्याच्या वर्णनांत दिली आहे. हें स्थळ कर्नूलनजीकचें रामल्लकोट होय असें व्हॅलेंटाइन बॉल यानें १८८९ च्या भाषांतरांत ठरविलें. सौदा बोलून होत नसे. घेणारा व देणारा समोरासमोर बसत, कमरबंदाच्या पदराखालीं एकाचा हात दुसरा धरी. सबंध हात धरिला तर हजार, पांच बोटें धरिलीं तर पांचशें, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत धरिलें तर पन्नास, व शेंडा धरिला तर दहा. आपल्याकडील बाजारांतून रुमालाखालीं होणारा हत्ता पद्धतीचा सौदा याच जातीचा आहे. शेजारीं बसलेल्यास किंमत कळत नसे. यामुळेंच अशा सौद्यांचे खरे आंकडे कागदावर फारसे उतरले नाहींत.

८. पारखही तितकीच काळजीपूर्वक होई. येथील पारखी रात्रीं भिंतीतील कोनाड्यांत दिवा ठेवून त्या उजेडांत हिऱ्याचें पाणी व स्वच्छता पाहत. निळसर झांक सर्वांत वाईट. ती ओळखण्यासाठीं खडा दाट पालवीच्या झाडाखालीं नेऊन हिरव्या छायेंत पाहावा, असें तावर्निये सांगतो. येथील पैलू पाडणारे दोष झांकण्यासाठीं खड्यावर सर्वत्र पैलू पाडीत व बारीक चीर असल्यास पैलूची कड तीवर आणीत, असेंही त्यानें नोंदिलें आहे. तेव्हां पैलूंची संख्या अधिक म्हणून हिरा उत्तम, हें अनुमान घेणारानें करूं नये. उलट त्या ठिकाणीं अधिक बारकाईनें पाहावें.

९. आतां नियम व सौदा यांचा पडताळा पाहूं. लंडनचा जव्हेरी डेव्हिड जेफ्रीज यानें १७५० सालीं वर्गाचाच नियम पुढें मांडून कच्च्या हिऱ्यास पहिल्या कॅरटाचे २ पौंड व घडविलेल्यास ८ पौंड असे दर दिले. मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट यानें १७०२ सालीं ४१० कॅरटांचा कच्चा हिरा जामचंद नामक व्यापाऱ्याकडून घेतला. जामचंदानें प्रथम दोन लक्ष होन मागितले. सौदा ४८,००० होनांस, म्हणजे २०,४०० पौंडांस तुटला. जेफ्रीजच्या नियमानें तोच कच्चा खडा ३,३६,२०० पौंडांचा होतो. म्हणजे मिळालेली किंमत सोळाव्या हिश्शाहूनही कमी. घडविल्यावर तोच हिरा सुमारें १३७ कॅरटांचा राहिला व १७१७ सालीं फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस १,३५,००० पौंडांस विकला गेला. येथें नियमानें सुमारें दीड लक्ष येतात, म्हणजे अंतर थोडें आहे.

१०. दुसरें उदाहरण महाराष्ट्राचें. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशीं ज्याचा संबंध सांगतात तो नाशिकचा हिरा १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं पडला. त्याचें वजन तेव्हां सुमारें ८९॥। कॅरट होतें. रंडेल व ब्रिज या लंडनच्या पेढीनें तो सुमारें ३,००० पौंडांस घेतला, पुन्हां घडविला, व १८३१ सालीं तो सुमारें ७,२०० पौंडांस गेला. जेफ्रीजच्या नियमानें मूळ वजनाचे ६४,४४० पौंड होतात! जेफ्रीजचे दर ६८ वर्षें आधींचे व युरोपीय घडणीचे होते, हें लक्षांत घेतलें तरी एकविसाव्या हिश्शाच्या आंत उतरलेल्या किंमतीचें कारण केवळ काळांत शोधतां येत नाहीं. लुटींत आलेला, देशी घडणीचा खडा विकणारास टिकून राहण्याची गरज नव्हती; घेणारास मात्र पुन्हां घडविण्यांतील घट व जोखीम दिसत होती.

११. यावरून निष्कर्ष असा निघतो. कोष्टक किंवा वर्गाचा नियम हें निर्दोष, सुघटित व योग्य गिऱ्हाईक लाभलेल्या रत्नाचें मान आहे. विकणारा तेथून बोलणें सुरू करितो. जाणता घेणारा पाणी, दोष, घाट व वजन हीं पाहून खालीं उतरतो. आणि विकणाराची निकड शेवटची रकम ठरविते. आजही मोठ्या खड्यास कॅरटामागें दर अधिक पडतो व स्वच्छता, रंग, घडण यांवरूनच तो ठरतो; म्हणून केवळ वजनावर भाव करणारा आजही नाडला जातो.

१२. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जवाहिराची यादी प्रसिद्ध करितांना रकमेबरोबर वजनाचें मान कोठलें, खडा कच्चा कीं घडीव, दोष नोंदिले आहेत काय, आणि रकम खरेदीची कीं अदमासाची, हीं चार टिपणें अवश्य द्यावींत. कागदांत तें नसल्यास तसें स्पष्ट लिहावें. रकम वजनाच्या वर्गाशीं तंतोतंत जुळली, तर ती बहुधा हिशेबानें काढलेली समजावी. न जुळली, तर ती सौद्याची असण्याचा संभव अधिक. बाजारांतील खरें मोल जाणण्यास ही दुसरी यादीच अधिक उपयोगाची आहे.