इतिहास घेऊन काय करणार?

परवा वाघोलीला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांची मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झालेली. अकरावीला कला शाखेत जाऊन इतिहास घ्यायचा, असा तिचा हट्ट. आई गप्प, वडील चिडलेले. मला पाहताच ते म्हणाले, ‘‘सर, तुम्हीच विचारा हिला. इतिहास घेऊन करणार काय?’’

मंडळी, या प्रश्नाला हसू नये. घराचे हप्ते भरणाऱ्या बापाची ती खरी काळजी असते. इतिहासाच्या पदवीवर लगेच नोकरी मिळते, असं मीही सांगणार नाही. पण आपण या विषयाची परीक्षा तरी नीट घेतो का?

दहावीपर्यंत इतिहास सर्वांनाच सक्तीचा असतो. राज्यशास्त्रासह ४० गुणांची लेखी परीक्षा. सनावळ्या पाठ करायच्या आणि पेपर संपला की विसरायच्या. वास्तविक २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेपासून होते. इतिहास कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, हे ते पुस्तक विचारतं. पण वाचलं जातं ते गाइड! मग अकरावीला ‘दुसरं काही मिळालं नाही’ म्हणून अनेक जण इतिहास घेतात आणि नाव विषयाचं खराब होतं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, ‘‘चला, वाघेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येऊ.’’ तिथे सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात गेले, तेव्हा पिलाजीराव त्यांच्याबरोबर होते. गृहस्थ वाघोलीत बरीच वर्षं राहतात. रोज त्या रस्त्यानं जातात. समाधी कोणाची, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

अशा माणसांची हकीकत कळते ती कागदांतून. पुण्यात पेशवे दफ्तरात लक्षावधी कागद आहेत, बहुतेक मोडी लिपीत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. बाकीचे वाचायला मोडी जाणणारी माणसं लागतात आणि ती थोडी आहेत. म्हणजे काम पडून आहे, करणारे कमी आहेत.

वाघोलीहून नगर रस्त्यानं पुढे गेलं की पेरणे फाट्याजवळ जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी इंग्रजांनी तो उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि त्याच स्तंभाला महार सैनिकांच्या पराक्रमाचा, स्वाभिमानाचा अर्थ मिळाला. दगड तोच, पण त्याकडे पाहणारा काळ बदलला. हे समजून घेणं म्हणजे इतिहास. जानेवारी २०१८ मध्ये याच परिसरात हिंसाचार उसळला, तेव्हा गतकाळाबद्दलच्या वादानं आजची माणसं कशी होरपळतात, ते आपण पाहिलं. ‘हे कशावरून?’ असं शांतपणे विचारणारी चार माणसं प्रत्येक गावात हवीत. इतिहासाच्या वर्गात दुसरं काही नाही शिकलं आणि एवढं शिकलं, तरी पुष्कळ झालं.

आणि इतिहास राजांचाच असतो असंही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिकडची शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याकडे आणली गेली. भारतीय जैन संघटनेचं त्यांच्यासाठीचं संकुल वाघोलीतच उभं राहिलं. दगडखाणींत राबलेली माणसं आहेत. २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी इमारती आल्या. हे सारं कोण लिहून ठेवणार?

परतताना गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. घरी आल्यावर मुलीला म्हणाले, ‘‘घे इतिहास. पण गाइड आणायचं नाही.’’

मुलगी हसली. म्हणाली, ‘‘बाबा, मोडीचा वर्ग कुठे असतो, ते तेवढं शोधून द्या.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)